प्रतिक्रियेला उत्तर: टेलर कुठे गेला?

'जुना गोली' काका,

नाव दिलं नाहीत, पण सत्तरच्या दशकात बडोद्याच्या पोलो ग्राउंडवर गोलमध्ये उभे राहायचात असं लिहिलंय, म्हणून काका म्हणतोय. तुमची प्रतिक्रिया काल रात्री सेव-उसळीच्या गाडीवर उभ्या उभ्या वाचली. तर्रीचं बोट स्क्रीनवर लागलं आणि 'लाईक' पडला. तो राहू द्या, अर्धा तरी मनापासूनच आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी काकांचे आक्षेप सांगतो. इंग्लिश फुटबॉलचा गाजलेला मॅनेजर (आणि आधी फॉरवर्ड) ब्रायन क्लफवर एवढं लांबण लावलं आणि त्याचा जोडीदार मॅनेजर पीटर टेलरला एक ओळ, तीही 'सहकारी' एवढीच. क्लफच्या ज्या गोलांचं कौतुक केलं ते दुसऱ्या डिव्हिजनमधले, म्हणजे इंग्लिश लीगच्या दुसऱ्या पायरीवरचे. लीड्स क्लबचं मॅनेजरपद क्लफने ४४ दिवसांत गमावलं, त्याचं खापर खेळाडूंवर फोडलं. खरा मॅनेजर टेलरच होता, क्लफ नुसता तोंडाळ. आणि जाता जाता टोमणा, की फॉरवर्ड लोकांना स्वतःचा गोली कधी दिसतच नाही. (मी शाळेत फॉरवर्ड होतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? बाकावरचा होतो, पण फॉरवर्डच.)

गोलांच्या मुद्द्यावर मी हलणार नाही. मिडल्सब्रो आणि संडरलंड या दोन क्लबांकडून मिळून २७४ लीग सामने, २५१ गोल. मैदान कुठल्याही डिव्हिजनचं असो, दर शनिवारी जवळजवळ एक गोल टाकणारा माणूस विरोधी गोलीच्या स्वप्नात येतो, हे तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला? पहिल्या डिव्हिजनमध्ये तो फक्त ३ सामने खेळला, खरं आहे. पण २६ डिसेंबर १९६२ला रोकर पार्कच्या गोठलेल्या मैदानावर तो बरी क्लबच्या गोलीवर आदळला आणि गुडघ्याचे लिगामेंट फाटले. वय २७. संडरलंड वर चढलं ते १९६४मध्ये, आणि तो परतला तो त्याच गुडघ्यावर. ३ सामन्यांत १ गोल करून संपला. म्हणजे त्यालाही आडवा आला तो गोलीच, काका!

आता टेलर. इथे मात्र चूक माझीच. काल घरी जाऊन वही काढली आणि हिशेब मांडला, तर तो तुमच्याच बाजूने निघाला. १९७४च्या उन्हाळ्यात क्लफ लीड्सला गेला, टेलर ब्रायटनलाच राहिला. ६ लीग सामन्यांत १ विजय, आणि क्लफ ४४ दिवसांत घरी. जानेवारी १९७५मध्ये तो नॉटिंगहॅम फॉरेस्टला आला, तोही एकटाच. तो मोसम संपला तेव्हा फॉरेस्ट दुसऱ्या डिव्हिजनमध्ये १६वं, पुढच्या वर्षी ८वं. १९७६च्या जुलैत टेलर आला. त्या मोसमात तिसरा नंबर आणि बढती, पुढच्या मोसमात थेट लीगचं विजेतेपद, मग १९७९ आणि १९८०चे युरोपियन कप. हे आकडे मूळ लेखातही होते, पण टेलर आला ती तारीख मी त्यांच्या शेजारी ठेवलीच नव्हती.

लीड्सचे खेळाडू क्लफवर चिडून होते हे खरंच, पण आल्या आल्या चॅम्पियन संघाला 'तुमची पदकं कचऱ्यात टाका' म्हणणाऱ्याला दुसरं काय मिळणार? शेजारी टेलर असता तर त्याने कोपरखळी मारली असती. खेळाडूंवर खापर फोडणारं ते वाक्य मागे घेतो.

तुम्ही लिहिलंत, टेलर माणसं हेरायचा. हेरायचा म्हणजे अगदी शब्दशः. केनी बर्न्स नावाचा बर्मिंगहॅमचा फॉरवर्ड, दंगेखोर म्हणून बदनाम. घ्यायचा की नाही हे ठरवायला टेलर म्हणे कुत्र्यांच्या शर्यतीला जाऊन लांबून बघत बसला, की हा पठ्ठ्या पैसे लावतो किती. घेतला, आणि घेऊन उभा केला बचावात! इंग्लिश फुटबॉल पत्रकारांनी निवडलेला १९७८चा सर्वोत्तम खेळाडू हाच. त्याच मोसमात फॉरेस्टने ४२ सामन्यांत फक्त २४ गोल खाल्ले, मागे पीटर शिल्टन होता. गोलीवर एवढा पैसा कशाला, असं तेव्हा बरेच म्हणाले. टेलर स्वतः गोली, त्याला तो प्रश्न पडलाच नसणार.

पण 'खरा मॅनेजर टेलरच' हे मला पटत नाही. त्याचं एकट्याचंही बघा ना. ब्रायटनला दोन मोसम एकट्याने काढले, संघ तिसऱ्या डिव्हिजनमधून वर काही चढला नाही. १९८२मध्ये डर्बीला गेला, दोन वर्षांत तिथूनही बाहेर, आणि डर्बी तिसऱ्या डिव्हिजनमध्ये उतरलं. क्लफने टेलरशिवाय निदान १९८९ आणि १९९०चे लीग कप तरी आणले, पण लीग पुन्हा कधीच नाही. दांडिया बाजारात आमच्या गणपती मंडळात मूर्ती ठरवणारे काका एक आणि वर्गणीला दारोदार फिरणारा दुसरा. पहिल्याला बेल वाजवायची लाज, दुसऱ्याला शाडू कुठली आणि प्लास्टर कुठलं ते कळत नाही. एका वर्षी दोघांचं बिनसलं. मूर्ती सुंदर आली, मांडवाला पैसे नव्हते.

रॉय मॅकफार्लंडचं बघा. क्लफ-टेलर आधी डर्बीला एकत्र होते तेव्हाची गोष्ट. १९ वर्षांचा पोरगा, ट्रॅनमियर क्लबचा. टेलरने पारखून ठेवला होता. पण रात्री उशिरा त्याच्या आईवडिलांच्या घरी जाऊन, झोपलेल्या पोराला पायजम्यातच खाली बोलवून, सही होईपर्यंत खुर्चीवरून न उठण्याची चिकाटी क्लफची. सह्या मॅनेजर घेतो, म्हणून लोकांना तोच दिसतो. मलाही तोच दिसला.

दोघं शेवटी बोलेनासे झाले. १९८३मध्ये टेलरने फॉरेस्टचा जॉन रॉबर्टसन डर्बीला नेला त्यावरून. १९९०मध्ये टेलर वारला तोवर अबोलाच. नॉटिंगहॅमच्या बाजार चौकाजवळ क्लफचा पुतळा आहे, एकट्याचा. डर्बीच्या स्टेडियमबाहेर २०१०मध्ये बसवला त्यात मात्र दोघं शेजारी शेजारी उभे आहेत.

मूळ लेखात आज दुरुस्ती केली आहे. टेलरवर चार परिच्छेद वाढवलेत, लीड्सचा परिच्छेद बदललाय, खाली तुमचे आभार मानलेत. दुसऱ्या डिव्हिजनचं वाक्य तसंच आहे. आणि काका, पोलो ग्राउंडवर तुमच्या संघात पुढे कोण खेळायचं ते लिहिलं नाहीत. तुम्ही तरी फॉरवर्डचं नाव कुठे दिलंत?