‘डेटर’मधला न ऐकू येणारा ‘बी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंग्रजी स्पेलिंगवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, इंग्रजीला मात्र कसलाच नियम नाही, हा पहिला. आणि म्हणून मुलांना शब्दांचा इतिहास सांगत बसू नये, यादी देऊन पाठांतर करून घ्यावे, हा दुसरा. आपण स्वतः गडहिंग्लजला शिकवता, तेव्हा हे मत वर्गातूनच आले असणार. तरीही ते मला पटत नाही.

कोल्हापुरात मी अकरावी-बारावी वाणिज्यच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. त्यांतील बरीच मुले करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांतील मराठी शाळांतून आलेली असतात. ‘ऋणको’ म्हणजे कोण हे ज्यांना पक्के ठाऊक असते, तीच मुले त्याचा इंग्रजी प्रतिशब्द ‘डेटर’ लिहिताना त्यातला ‘बी’ हमखास गाळतात, कारण तो कानावर पडतच नाही. अशा वेळी मी त्यांच्याच वहीतील ‘डेबिट’वर बोट ठेवतो. ‘डेटर’च्याच कुळातील ‘डेट’ (कर्ज) आणि ‘डेबिट’ या दोन्ही शब्दांचे मूळ लॅटिनमधील ‘डेबिटम’. पण ‘डेट’ हा शब्द फ्रेंचमार्गे ‘बी’ गमावून इंग्रजीत आला आणि पुढे लॅटिनचा आदर्श मानणाऱ्या विद्वानांनी तो ‘बी’ लेखनात परत आणला, उच्चारात मात्र तो परतला नाही. ‘रिसीट’मधला ‘पी’ही असाच आला. एकदा ‘डेबिट’शी नाते जुळले की ‘डेटर’चा ‘बी’ सहसा गळत नाही, हा माझा अनुभव आहे.

‘नाइफ’मधल्या ‘के’ची गोष्ट निराळी. तो पूर्वी खरोखर उच्चारला जात असे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ च्या सुमारास वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. त्यानंतर लेखन हळूहळू स्थिरावत गेले, पण बोलणे बदलतच राहिले.

मराठीविषयी म्हणाल, तर ‘चार म्हशींचा चारा’ एवढे तीन शब्द एखाद्या परभाषिकाला वाचायला द्यावेत. पहिल्या शब्दातला ‘च’ वेगळा आणि पुढच्या दोन शब्दांतला वेगळा, हे आपली लिपी त्याला कुठेच सांगत नाही.

आपले म्हणणे एका ठिकाणी मात्र पूर्ण खरे आहे. ‘दो’, ‘टफ’, ‘कॉफ’ आणि ‘थ्रू’ या चारही शब्दांच्या शेवटी ‘ओ-यू-जी-एच’ ही अक्षरे येतात. त्यांनाही इतिहास आहे, परंतु त्यांचे उच्चार इतके वेगवेगळ्या वाटांनी गेले की त्या इतिहासाचा मुलांना उपयोग होत नाही. ‘रिसीट’मध्ये ‘पी’ आहे आणि त्याच कुळातील ‘डिसीट’मध्ये नाही, हेही पाठच करावे लागते.

आपण मागितलेली यादी मी अवश्य पाठवीन. ती वर्णक्रमाने नसेल. ‘डेट’, ‘डाउट’ आणि ‘रिसीट’ एकत्र, ‘नाइफ’ आणि ‘नी’ एकत्र, आणि निव्वळ पाठांतराचे शब्द अगदी शेवटी असतील.