थेंब कुणाचा

आमची गाडी 14 वर्षांची झाली. माणसाला या वयात आवाज फुटतो, गाडीचंही तसंच असतं फक्त तिला एकदम तीन-चार आवाज फुटतात. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की पुढून टकटकटक, खड्ड्यात गेली की खड्डक, आणि सिग्नलला उभी असताना पत्र्याच्या डब्यात चमचा हलवल्यासारखं काहीतरी. या सगळ्यावर माझ्याकडे एकच उपाय होता, गाणी मोठ्याने लावायची. बरेच महिने चाललाही. पण एके दिवशी गाडी काढली आणि खाली जमिनीवर बशीएवढा ओला डाग दिसला, आणि थेंबाला आवाज नसतो त्यामुळे गाण्यांचा उपाय बाद.

"एसीचं पाणी आहे," मी जाहीर करून टाकलं. जुन्या गाडीवाल्यांना एसीच्या पाण्याचा फार मोठा आधार असतो, खाली काहीही सांडलेलं असो, ते एसीचंच.

"आठवडाभर एसी लावलाच नाहीये आपण," बायको म्हणाली.

मग रीतसर तपास सुरू केला. गाडी फिरवून आणली, रात्री गाडीखाली एक मोठा कोरा पुठ्ठा सरकवला आणि सकाळी उठून परीक्षेचा निकाल बघायला जावं तसा बघायला गेलो. पुठ्ठ्यावर तीन डाग. एक काळपट तपकिरी, म्हणजे इंजिन ऑईल. दुसरा हिरवट, बोटाला बुळबुळीत, वास गोडसर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट (चव घेऊन खात्री करायची बुद्धी मला झाली नाही ते बरं, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं). तिसरा पिवळसर, आणि ते ब्रेक ऑईल असेल या विचाराने माझ्या पोटात गोळाच आला, कारण ते गळत असेल तर गाडी जागची हलवायचीसुद्धा नसते. तिसरा मांजराचा निघाला.

आता गाडीखाली जाणं आलं. या बाबतीत मी भित्रा आहे आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. जॅक हा गाडी उचलायला असतो, तोलून धरायला नाही, त्यामुळे सपाट जागा, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि पुढे दोन भक्कम स्टँड, एवढं सगळं लावून वर गाडी दोनदा ढकलून बघितल्याशिवाय मी डोकं आत घातलं नाही. डोकं गेलं. छाती गेली. पोटाशी येऊन काम अडलं. स्टँड अजून एक खाच वर.

तर खालून गाडी कशी दिसते सांगतो. सगळीच तुटलेली दिसते. वरून आपण धुऊन पुसून वॅक्स करतो ती गाडी वेगळी आणि ही वेगळी, इथे 14 वर्षांची माती, तेल आणि त्यावर परत माती, आणि त्यातून चारी दिशांना जाणारे काळे पाईप, काळ्या वायरी, काळे रॉड, म्हणजे पार्ट कुठला आणि चिखल कुठला तेच कळत नाही. टॉर्च तोंडात धरलेला, चष्म्यावर माती पडतेय, ती पुसायला हात वर करावा तर जागा नाही. एका ठिकाणी मोठी चीर सापडली म्हणून मी ओरडलोच, बोट फिरवलं तर ती वाळलेली काडी होती. 43 फोटो काढले, नंतर बघताना त्यातले सहा माझ्या स्वतःच्या कोपराचे निघाले.

पण आवाजांचा उलगडा झाला हं. ॲक्सलच्या टोकाला जॉईंटवर ते बाजाच्या भात्यासारखं घड्याघड्यांचं रबर असतं ना, बूट म्हणतात त्याला, ते एका घडीत फाटलेलं होतं आणि आतलं ग्रीस चाक फिरताना भिरकावलं जाऊन रिम आतून काळीकुट्ट झालेली. ग्रीस बाहेर, धूळ आत, म्हणून वळताना टकटकटक. डब्यातला चमचा म्हणजे सायलेन्सरवरचा उष्णता अडवायचा पातळ पत्रा, त्याचा एक बोल्ट गंजून गेलेला. खड्डकसाठी बाहेर येऊन मुलीला मदतीला घेतलं. अधांतरी चाक 12 आणि 6 वर धरून हलवायचं, हललं तर बॉल जॉईंट किंवा बेअरिंग, मग 9 आणि 3 वर, हललं तर बहुतेक स्टीअरिंगचा टाय रॉड. तिने धरलं, मी वाकून बघतोय, "हलतंय का गं?"

"बाबा, मी हलतेय, चाक नाही."

म्हणजे चाक ठीक. शेवटी सस्पेन्शनमधला लिंक रॉड हाताने खडखडवून बघितला तर तो तुटक्या दातासारखा डुगडुगत होता.

एवढं सगळं सापडलं पण मूळचा थेंब काही सापडेना. आणि तेवढ्यात दिसली ती. इंजिनच्या मागे, केबिनच्या पत्र्यातून बाहेर आलेली बोटभर लांब काळी रबरी नळी, टोक उघडं, कशालाच न जोडलेली, नुसती लोंबतेय! पकडलं म्हणलं. सुटलेलं दुसरं टोक काही सापडलं नाही, पण मी एक मापाचा बोल्ट तिच्या तोंडात घट्ट बसवला, वरून क्लॅम्प आवळला, वरून काळी टेप, इतकं सफाईदार काम की कंपनीनेच तसं दिलंय वाटावं. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तीन अंगठे आले.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर डाग होता तिथेच.

मेकॅनिककडे गेलो. त्याने गाडीखाली पाहायच्या आधी बोनेट उघडलं, थंड इंजिन आहे याची खात्री केली, आणि रेडिएटरचा खालचा होज, म्हणजे कूलंटचा जाड रबरी पाईप, क्लॅम्पजवळ बोटांनी दाबला. "हा बघा." मी आदल्या दिवशी हाच होज बघून पास केला होता, सगळ्या गाडीत तोच एक नीट दिसत होता! मधे दाबला तर कडक, टोकाला दाबला तर पिकलेल्या फळासारखा पोचट. काढून उभा चिरून दाखवला तर टोकाशी आतून लांब लांब भेगा, बाहेर मागमूस नाही. आणि याचं मूळ आणखी वर, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून तेल पाझरत होतं, ते ओघळत ओघळत या होजवर, आणि या होजचं रबर गरम पाणी वर्षानुवर्षं सोसतं पण तेल लागलं की फुगून मऊ पडतं. इंजिन तापलं की आत 1 बारच्या आसपास दाब, म्हणजे टायरच्या हवेच्या साधारण निम्मा, तो कूलंट बाहेर ढकलणारच. पुठ्ठ्यावरचे दोन्ही डाग एकाच घरातले होते तर, आणि मी गाडीखाली झोपून वरून येणारं शोधत होतो.

पॅकिंग, होज, बुटासकट तो जॉईंट, लिंक रॉड सगळं बदललं, सायलेन्सरवरचा पत्राही आवळून घेतला. माझ्या बोल्टबद्दल तो काही बोलला नाही, टेप दिसलीच नसावी, मीही विषय काढला नाही. जरा नाराजच झालो खरं तर.

त्या रविवारी लांब निघालो, गाडी एकदम शांत, ऊन कडक म्हणून एसी फुल. तासाभराने बायकोने पाय वर घेतले. "अहो, खाली ओलं कसं काय? कार्पेट चिंब झालंय."

"एसीचं पाणी असेल," मी सवयीने बोलून गेलो.

आणि मग हळूहळू डोळ्यांसमोर ती नळी आली. बोटभर लांब, केबिनमधून आलेली, मुद्दाम उघडी ठेवलेली.

गाडी सावलीत घेतली, इंजिन निवेपर्यंत अर्धा तास कुणीच कुणाशी बोललं नाही. तिथवर बोनेटमधून नुसता हात घातला तरी पोचतो हेही तेव्हाच कळलं, टेप फाडली, क्लॅम्प सोडला, बोल्ट ओढला आणि साठलेलं सगळं गारेगार पाणी भसकन माझ्या बाहीत शिरून काखेपर्यंत आलं.

"काय गळतंय?" आतून आवाज आला.

मी उत्तर दिलं नाही. तेच उत्तर आठवडाभरात तिसऱ्यांदा द्यायचं होतं.