नंबर आहे, पेटंट नाही!

कालची अख्खी संध्याकाळ एका जुन्या अमेरिकन पेटंटच्या मागे गेली. नंबर हातात असूनही!

१८३६ च्या जुलैआधी तिथे पेटंटांना नंबरच नव्हते. नाव आणि तारीख, बस. त्याच वर्षी १५ डिसेंबरला पेटंट ऑफिस जळालं, सुमारे १०,००० पेटंटांची कागदपत्रं गेली; काहींच्या प्रती नंतर मिळाल्या. जुन्यांना मागाहून नंबर देऊन 'एक्स' चिकटवला. म्हणून एक नंबरची पेटंटं दोन: १७९० चं पोटॅशचं आणि १८३६ चं रेल्वे इंजिनाच्या चाकांचं. शिवाय काहींना चक्क अर्धे नंबर, मला हवं ते त्यातलंच! ऑनलाइन सर्चच्या चौकटीत 'अर्धा' टाइप तरी कसा करायचा? दशांश देऊन पाहिला, तिरकी रेघ दिली, 'एक्स' आधी, 'एक्स' नंतर, पुढे शून्यं. दर वेळी 'काही सापडलं नाही'. शेवटी तारखेने एकेक पान चाळलं, तर स्कॅन तिथेच होता! अहो, मग दाखवत का नाही?

ब्रिटनमध्ये तर १८५२ पासून १९१५ पर्यंत दर वर्षी एकपासून मोजणी. साल लिहिलेलं नसेल तर तो नंबर काय कामाचा? आणि संदर्भ देणारे नेमकं सालच गाळतात. लिहा ना हो साल, चारच आकडे आहेत!