वळताना चाक उचलतं, पावसात ब्रेक लागत नाही: २ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर. पॅरालिसिसनंतर काकांची डावी बाजू कमजोर झाली म्हणून तुम्ही आमच्याकडून तीनचाकी सायकल करून घेतलीत. तुमचं म्हणणं असं की वळताना आतलं चाक उचलतं, पावसात ब्रेक लागत नाहीत, सायकल डावीकडे ओढते आणि उद्यमबागेत आमच्या वर्कशॉपला तीन हेलपाटे घालूनही कुणी नीट बघितलं नाही. हेलपाट्यांबद्दल माफी मागतो. त्याला सबब नाही.

चाक उचलण्याचं कारण तुम्ही टाकलेल्या फोटोतच आहे. सीटच्या पाइपवर आम्ही मारलेली लाल रेघ क्लॅम्पच्या तीन बोटं वर दिसतेय, म्हणजे सीट साधारण ६ सेंमी वर घेतलीय. ती घ्यावी लागली, कारण पायडल वर आलं की काकांचा डावा गुडघा तेवढा दुमडत नसणार. चूक आमची. धडधाकट माणसाला चालतं तेच १७० मिमीचं क्रँक, म्हणजे पायडल ज्याला लागतं तो दांडा, आम्ही बसवलं. सीट वर गेली, तिच्याबरोबर वजनही वर गेलं. मागच्या चाकांत ७० सेंमी अंतर आणि पुढे एकच चाक, अशी ही सायकल ४ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १०-११ किमीलाच आतलं चाक सोडते. हँडलला अडकवलेली भाजीची पिशवीही काढा. पुढच्या एकट्या चाकाकडे वजन गेलं की सायकल लवकर कलंडते. तीच पिशवी मागच्या एक्सलजवळ (मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याजवळ) खाली ठेवली तर उलट फायदाच.

आता १४० मिमीचं क्रँक बसवू. पायडल खाली ३ सेंमी कमी जातं, म्हणून सीट रेघेच्या फक्त ३ सेंमी वर ठेवायची. पायडल वर ३ सेंमी कमी येतं. दोन्ही मिळून गुडघ्याला तीच ६ सेंमीची मोकळीक मिळते, आणि सीट आताच्यापेक्षा ३ सेंमी खाली येते. क्रँक आखूड झालं की पायडल जड लागतं, म्हणून ४४ दातांचं चैनव्हील (पायडलजवळचं दातेरी चाक) काढून ३६ चं घालू. वेग थोडा जाईल. जुनंच क्रँक कापून वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण तो सांधा नेमका जोर देताना तुटतो. हे सगळं फुकट. पहिल्या ५० किमीनंतर क्रँक पक्कं धरणाऱ्या कॉटर पिनचा नट मात्र आवळून घ्या. ढिली पिन झिजते, मग क्रँकही खराब होतं.

दोन्ही ब्रेक उजव्या हाताला मुद्दाम दिलेत, डाव्या हाताची पकड कमी म्हणून. पण एका लिव्हरचा जोर दोन केबलींत वाटला जातो, आणि नव्या केबली सैल पडल्या की एकच ब्रेक काम करतो. त्यात स्टीलची रिम ओली झाली की रबर घसरतं. पुढची रिम अ‍ॅल्युमिनियमची घाला. रिमचे पैसे तुमचे, मजुरी आमची. तोवर कपिलेश्वर पुलासारख्या उताराला लागण्याआधीच ब्रेक हलका दाबून रिमचं पाणी पुसून घ्यायचं.

डावीकडे ओढण्याची कारणं दोन. रस्ता कडेला डावीकडे उतरता असतो, आणि मागचं फक्त उजवं चाक एक्सलला चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) पक्कं आहे, म्हणून पायडलचा जोर त्यालाच जातो; डावं बेअरिंगवर मोकळं फिरतं. उजवीकडून ढकललं की सायकल डावीकडे वळणारच. चावी डाव्या चाकाला घालून देऊ. तोटा एक: कडेच्या लाल चिखलात तेच चाक जागेवर फिरेल. दोन्ही चाकं पक्की केली तर वळताना एक टायर घासतं, म्हणून ते करत नाही.

गाडी आम्हीच पाठवतो. काकांना सोबत आणा, आणि रोज घालतात तेच बूट घालून आणा. मागच्या वेळी माप अनवाणी पायाचं घेतलं होतं, त्यामुळे पाय धरून ठेवणारा पायडलवरचा टाचेचा कप आणि वेल्क्रोचे पट्टेही पुन्हा बसवावे लागतील.