स्पॅनिश-इटालियन दुभाषी सेवेवरच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. दुभाषी बाईंचं नाव तुम्हाला बैठकीच्या आदल्या रात्री कळलं, ही चूक आमची. तोपर्यंत तुमच्या जिवाला घोर लागला, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

पण ‘स्पॅनिश आणि इटालियन जवळजवळ एकच, तरी बाई दोनदा थांबून विचारत होत्या, म्हणजे त्यांना भाषाच येत नव्हती’ हे तुम्ही लिहिलंत, ते फार लागलं.

पहिल्यांदा त्या थांबल्या ‘लार्गो’ या शब्दावर. स्पॅनिशमध्ये लार्गो म्हणजे लांब, इटालियनमध्ये रुंद. यंत्राची मापं चालली होती आणि स्पॅनिश बोलणारे गृहस्थ, समोरच्यांना कळावं म्हणून, मधूनमधून इटालियन शब्द घालत होते. मग त्यांना लांबी म्हणायची होती की रुंदी? बाईंनी अंदाजाने ठोकून दिलं असतं तर त्या वेळी कुणाला कळलंही नसतं. यंत्र आल्यावर कळलं असतं.

दुसऱ्यांदा आकड्यावर. ‘सेसेंता’ म्हणजे साठ, ‘सेतेंता’ म्हणजे सत्तर. त्यात आवाज तुटत होता. माल 60 दिवसांत येणार की 70, हे त्यांनी विचारून घेतलं ते तुमच्यासाठीच ना?

भाषा जवळच्या असल्या की जास्त फसवतात, सर. ‘बुर्रो’ स्पॅनिशमध्ये गाढव, इटालियनमध्ये लोणी. स्पॅनिशमधली ‘एम्बाराथादा’ गरोदर असते, इटालियनमधली ‘इम्बारात्साता’ नुसती संकोचलेली. दोन्ही भाषा कळणारे पुष्कळ भेटतात, पण स्पॅनिश ऐकून इटालियनमध्ये सांगणारा प्रत्येक जण उलट दिशेने काम घेत नाही. तुम्हाला दोन्ही दिशा हव्या होत्या. चार जणांनी नकार दिल्यावर या बाई मिळाल्या, म्हणून नाव कळवायला रात्र झाली.

आणि मापांचा तक्ता आम्ही तीनदा मागितला होता. तो बैठकीच्या वीस मिनिटं आधी आला. तक्ता आदल्या दिवशी हातात असता तर लार्गोचा प्रश्न कदाचित उद्भवलाच नसता. ठरलेला एक तास दोन तास दहा मिनिटांवर गेला, बाई एकट्याच दुभाषाचं काम करत राहिल्या, तरी जादा वेळेचे पैसे आम्ही लावले नाहीत. हेही अभिप्रायात आलं असतं तर बरं वाटलं असतं.

यापुढे नाव लवकर कळवू, कागदपत्रांचंही काहीतरी नीट बसवतो आहोत. आमच्यावरचा राग राहू द्या, तो एक ताराही राहू द्या. फक्त बाईंना भाषा येत नाही हे वाक्य काढता आलं तर बघा. त्या फ्रीलान्स काम करतात, पुढचं बोलावणं अशाच ओळी वाचून येतं किंवा येत नाही.