अंतर पायांनी मोजू द्या

बालवाडीतल्या मुलांना सूर्यमाला दाखवण्यासाठी थर्माकोलचे गोळे ग्रहांसारखे रंगवून तारेवर टांगा, असं एका लेखात सुचवलंय. कल्पना छानच, मुलं रमतात. पण त्यात सगळे ग्रह शेजारी शेजारी येतात आणि मधल्या अफाट रिकाम्या जागेचा पत्ताच लागत नाही. आम्ही ठाण्यात उपवन तलावाच्या काठाने मुलांना चालवतो. १ सेंटीमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर धरलं की सूर्य होतो १४ सेंटीमीटरचा चेंडू आणि पृथ्वी जेमतेम मोहरीचा दाणा, तोही १५ मीटर लांब! गुरूची गोटी ७८ मीटरवर. नेपच्यूनसाठी तर साडेचारशे मीटर तंगडतोड. तळहातावरची मोहरी बघून एखादं पोर विचारतं, "आपण सगळे हिच्यावर?" हा प्रश्न तक्ता दाखवून कधीच आला नव्हता.

आणखी एक जरूर करा. मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडे ठाणे-मुंबईत भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या बाटलीची सावली काही क्षण गायब होते. जुलैअखेरीसही होते, पण तेव्हा आभाळ भरलेलं. मे महिन्यात शाळेला सुट्टी, त्यामुळे पालकांनीच सोसायटीच्या गच्चीवर दाखवावं. फक्त मुलांना सूर्याकडे थेट बघू देऊ नका.