‘तोंड बंद, अंग चालू’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

कराटे-ज्युदोच्या वर्गात मुलांना प्रश्न विचारू द्यावेत, या माझ्या लेखावर ‘प्रश्न नकोत, मुकाट सराव हवा’ असं आपण वेळ काढून लिहिलंत, त्याबद्दल आभार. पण ‘तुम्ही डोजोची (सरावाच्या जागेची) वादसभा करून ठेवलीय, घाम गाळला असता तर असं लिहिलं नसतं’ ही भाषा खटकली. मी किती घाम गाळला हा लेखाचा विषयच नव्हता. आता विचारलंच आहे तर सांगतो: कराटे आणि ज्युदो दोन्ही शिकलोय, दोन्ही शिकवतोय, आणि लेखातलं एकेक वाक्य मॅटवर तपासलेलं आहे. मतभेद जरूर असावेत. पण समोरच्याला आधी पोकळ ठरवायचं आणि मग मुद्द्याकडे वळायचं, ही कुठली रीत?

एक मान्य. आकडे मोजत सराव चालू असताना प्रश्न नको. लय तुटते, अंग थंड पडतं, आणि रांगेत एक जण मध्येच थांबला की शेजाऱ्याची लाथ त्याला बसते. प्रश्नांची जागा ‘यामे’ (थांबा) झाल्यावर. तेवढं आपलं बरोबर.

आता आपलं ते वाक्य: ‘तोंड बंद ठेवलं की अंग आपोआप शिकतं.’ शिकतं ना! पण चुकीचंही तितक्याच निष्ठेने शिकतं. मावाशी-गेरी, म्हणजे बाजूने फिरवून मारायची लाथ घ्या. टेकलेला पाय चवड्यावर फिरून टाच लक्ष्याकडे वळायला हवी. टाच जमिनीला चिकटून राहिली, तर कंबर पुढे जाते, पाऊल मागे राहतं आणि सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. पाय अडकणाऱ्या चिकट मॅटवर हे जास्त होतं. ‘सर, लाथ मारताना गुडघ्याच्या आतून ओढ लागते, बरोबर आहे का?’ एवढं कोणी विचारलं, तर काम दोन मिनिटांचं: भिंतीला हात टेकवून, आधी टाच, मग कंबर, शेवटी लाथ, सावकाश दहा वेळा. विचारायची मुभाच नसेल, तर तो पोरगा तीच ओढ महिनोन्‌महिने सोसतो, कारण दुखणं म्हणजेच सराव अशी त्याची समजूत झालेली असते.

हिकितेचंही, म्हणजे हात मागे ओढण्याचंही, तेच. ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेला का ओढायची? कातामध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमात, ती समोरच्याचं मनगट किंवा बाही धरून खेचण्याची हालचाल आहे. हे न सांगता हजार वेळा करून घेतलं, की कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, हात रिकामाच कमरेला जातो आणि उघड्या तोंडावर ठोसा बसतो. मग आपण ओरडतो, ‘गार्ड वर!’ चूक कोणाची? शाळांमध्ये कराटे नेणाऱ्या इतोसू आंको यांनी १९०८ साली दहा मुद्द्यांचं पत्र लिहिलं. त्यात वारंवार सराव करायला सांगितलंय, आणि प्रत्येक तंत्राचा खुलासा समजून घ्यायलाही सांगितलंय. आपण त्यातला अर्धाच भाग उचललात.

आणि गळा आवळण्याची तंत्रं? मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या नीट दाबल्या गेल्या, तर साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते. श्वास चालू असतो, म्हणून नवख्याला वाटतं अजून वेळ आहे. ‘टॅप नेमका कधी करायचा? दोन्ही हात अडकले तर काय?’ हे त्याने आधी विचारलंच पाहिजे. उत्तर असं: दाब जाणवताच ‘सोड’ अशी खूण म्हणून समोरच्याच्या अंगावर दोनदा थाप, हात अडकले तर पाय मॅटवर आपटायचा किंवा मोठ्याने ‘माईत्ता’ (हरलो) म्हणायचं. जुजी-गातामे या हात ताणण्याच्या पकडीतही कोपर पूर्ण ताणला जाण्याआधी थाप द्यायची. त्यानंतर दिली तर इजा होऊन गेलेली असते. ज्या वर्गात ‘दुखतंय’ म्हणणं कमकुवतपणाचं मानलं जातं, तिथे मुलं उशिरा टॅप करतात. याला शिस्त म्हणायला मी तयार नाही.

आपण ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांचा दाखला दिलात: तरुणपणी त्यांनी फुकुदा हाचिनोसुके यांना डाव कसा केला ते विचारलं, तर गुरूंनी उत्तर न देता पुन्हा पुन्हा आपटलं. प्रसंग खरा आहे. पण पुढचं का गाळलंत? याच कानोंनी १८८२ मध्ये कोदोकान हे ज्युदोचं विद्यालय सुरू केलं, आणि त्यांच्या शिक्षणपद्धतीत काता व रांदोरी (मोकळी झटापट) यांच्या जोडीला ‘कोगी’ म्हणजे व्याख्यान आणि ‘मोंदो’ म्हणजे प्रश्नोत्तरं होती. फेक त्यांनी कुझुशी (तोल मोडणं), त्सुकुरी (जागा साधणं), काके (डाव टाकणं) अशी उलगडून शिकवली. म्हणूनच आज एखादी मुलगी विचारू शकते, ‘ओ-सोतो-गारीत (पाय झाडून पाडण्याच्या फेकीत) पाय मारते, पण समोरचा हलतच नाही, अडतंय कुठे?’ बहुतेक वेळा अडतं कुझुशीत: समोरच्याचा जो पाय झाडायचा त्याच्या टाचेवर वजन आलेलंच नसतं, दोघांच्या छातींमध्ये फट असते, आणि तोच डाव उलटून तिच्यावर येतो. मोंदो नसता तर ती फक्त जोर वाढवत बसली असती.

‘आजची पिढी’, ‘मोबाईल’, ‘आमच्या वेळी’ वगैरेंवर बोलण्यासारखं काही नाही. एकाच्या शंकेपायी वीस जण खोळंबतात म्हणता, तर नीट बघा, तीच शंका त्यातल्या निम्म्यांच्या तोंडावर असते.

पुन्हा लिहिलंत तर टाचेवर लिहा, हिकितेवर लिहा, टॅपवर लिहा. त्या तिन्हींबद्दल आपण अवाक्षर काढलेलं नाही. माझ्या घामाची चौकशी पुरे झाली.